लाईन लागेपर्यंत

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात माहीम येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

कार्यकारिणीने आम्हाला 'विद्यार्थी आणि संगणक युग' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि आम्ही कलाशाखेचे पदवीधर, पेशाने बँकेतील लिपिक. संगणकाचे शास्त्र तुम्हाला शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. ते आज नववीतल्या मुलालाही आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. परंतु संगणकासमोर बसून लाईन लागण्याची वाट पाहणे, या एका गोष्टीत मात्र आमचा अनुभव दांडगा आहे. तेव्हा त्याविषयीच बोलावे असे ठरविले.

निमित्तही तसेच घडले. अमेरिकेतील एओएल या कंपनीने आपली टेलिफोनच्या तारेवरून चालणारी इंटरनेट सेवा, जिला आपण डायल-अप म्हणत असू, ३० सप्टेंबर २०२५ रोजी कायमची बंद केली. बातमी वाचून आजच्या मुलांना प्रश्न पडला असेल की, ही सेवा इतके दिवस चालू तरी कशी होती! आमच्या डोळ्यांसमोर मात्र माहीमच्या गुरुजींची पडवी उभी राहिली.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने ते प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत उपलब्ध करून दिले. ज्यांचे गाव या शहरांबाहेर होते त्यांना इंटरनेटच्या केंद्रापर्यंत पोहोचण्यासाठीच एसटीडी लावावा लागे. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, म्हणून लोक जागत बसत. पुढे १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही ही सेवा देण्यास परवानगी मिळाली आणि हळूहळू स्थानिक कॉलच्या दरात लाईन लावता येऊ लागली. आपल्या भागातल्या पोरांचा इंटरनेटशी संबंध आला तो त्यानंतरच.

२००१ साली आम्ही पाच जण, तीन मुले व दोन मुली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षांत होतो. विहारात रोज संध्याकाळी अभ्यासाला बसणारी आमची टोळी. आमच्यापैकी कोणाच्याही घरी फोन नव्हता. फोन होता तो एका गुरुजींच्या घरी. त्यांनी मुंबईहून एक जुना संगणक आणला होता आणि त्यांनीच सांगितले, "रात्री नऊनंतर या, लाईन तुमची. बिल मात्र वाटून भरायचे." काकूंची एकच अट होती की, चपला पडवीखाली काढायच्या आणि मोठ्याने हसायचे नाही.

डायल-अप म्हणजे काय ते विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेलिफोनची तांब्याची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी टाकलेली असते. संगणकाची भाषा तिला कळत नाही. म्हणून मॉडेम नावाची पेटी संगणकाच्या भाषेचे आवाजात रूपांतर करते आणि पलीकडची पेटी त्या आवाजाचे पुन्हा संगणकाच्या भाषेत रूपांतर करते. जोडणीच्या वेळी जी शिट्टी, किरकिर आणि खरखर ऐकू येई, ती दोन पेट्यांची आपसातली बोलणी होती: तुझ्याकडे तार किती स्वच्छ आहे, आपण किती वेगाने बोलू शकतो? तारेत खरखर जास्त असेल तर वेग कमी ठरायचा. मॉडेमवर छप्पन्न हजार असे लिहिलेले असे. आमच्या पडद्यावर सव्वीस हजार चारशेचा आकडा दिसला तरी आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो. सर्व काही सुरळीत चालले तरी या वेगाने एक एमबी उतरायला पाच-सहा मिनिटे लागतात. तुम्ही आज मोबाईलवर काढता तसला तीन एमबीचा एक फोटो यायला पाव तास लागला असता, आणि तोही मध्ये लाईन तुटली नाही तर.

आणि लाईन तुटायचीच. माहीमची हवा खारी. तारांचे जोड गंजायचे. पावसात जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरायचे. काकूंनी आतल्या खोलीतला जोडफोन सहज उचलला की आमची जोडणी गेली. भारनियमन तर होतेच. आपल्याच तालुक्यात तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून वीज निर्माण करीत आले आहे, आणि आम्ही मात्र मेणबत्ती लावून संगणक पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत असू. एकदा जूनमध्ये वीज कडाडली आणि मॉडेम जळाला. नवा घेण्यासाठी आम्हा पाच जणांना तीन महिने पैसे साठवावे लागले.

आता आमचा पहिला मुद्दा येथे आहे, तो विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. स्थानिक कॉलची आकारणी तीन-तीन मिनिटांच्या टप्प्याने होत असे. लाईन लागली आणि अर्ध्या मिनिटात तुटली, तरी एक टप्पा भरला. पुन्हा लावली, पुन्हा एक टप्पा. म्हणजे ज्याची तार चांगली त्याला एका तासाचे जेवढे पैसे पडत, त्याच्या दीडपट-दुप्पट पैसे ज्याची तार खराब त्याला पडत, आणि काम त्याचे अर्धेच होई. बिघाड तारेचा आणि भुर्दंड ग्राहकाचा. शहरात चांगल्या तारेवर बसलेल्याला इंटरनेट स्वस्त होते. गावात खराब तारेवर बसलेल्याला ते महाग होते. टप्प्याचा नियम मात्र दोघांसाठी एकच होता. कागदावरची समानता आणि प्रत्यक्षातली समानता यांत किती अंतर असते, हे आम्हाला राज्यशास्त्राच्या पुस्तकाइतकेच त्या टेलिफोनच्या बिलाने शिकविले.

बिल वाटून घ्यायचे म्हणून आम्ही एक वही घातली. तारीख, वेळ, लाईन कितीदा लावली, कितीदा तुटली, कोणाच्या कामासाठी लावली. दोनशे पानी वही होती. ती पुढे किती उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

२००२ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्यातल्या एका मित्राने वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून मुंबईच्या एका कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला होता. पत्ता म्हणून त्याने ई-मेल दिला होता, कारण जाहिरातीतच तसे मागितले होते. तो बी.कॉम. झालेला, त्याच्या घरातला पहिला पदवीधर. वडील वाडीत मजुरीला जात. पानवेलीच्या मळ्यात पाणी लावणे, केळी काढणे ही कामे. अर्ज केल्यावर जुलैमध्ये जोराचा पाऊस झाला आणि गुरुजींचा फोन डेड झाला. तो नऊ दिवस डेड राहिला. दहाव्या दिवशी रात्री लाईन लागली, तेव्हा मुलाखतीचे बोलावणे पेटीत येऊन पडलेले होते. मुलाखतीची तारीख चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याने बूथवरून मुंबईला फोन केला. जागा भरली आहे असे उत्तर मिळाले.

तो मित्र आज या सभागृहात बसलेला आहे. नाव न घेता ही हकीकत सांगण्याची परवानगी त्याने दिली म्हणूनच आम्ही ती सांगत आहोत. त्या रात्री तो काही बोलला नाही. वहीत त्याच्या हाताने नोंद केली, तारीख आणि वेळ लिहिली आणि घरी गेला. पुढे त्याने बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे अनेक वर्षे रोजंदारी केली.

कित्येक वर्षे आम्ही या प्रसंगाचा दोष त्या तारेवर टाकला. पण बंधू-भगिनींनो, खरे सांगायचे तर तारेचा दोष अर्धाच होता. पालघरला सायबर कॅफे होता. एसटीने अर्ध्या तासाच्या आतला रस्ता. तासाला तीस रुपये घेत. फोन डेड झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकानेही पालघरला जाऊन सगळ्यांच्या पेट्या उघडून पाहिल्या असत्या, तर त्याची मुलाखत चुकली नसती. आम्ही का गेलो नाही? कारण प्रत्येकाला वाटले की दुसरा कोणीतरी जाईल. त्या मित्राकडे त्या आठवड्यात जाण्यायेण्याचे भाडेसुद्धा नव्हते, आणि ते मागण्याचा त्याला संकोच वाटला. आम्ही रोज संध्याकाळी विहारात भेटत होतो, एकत्र वंदना घेत होतो, आणि तरीही हे आम्हाला कळले नाही.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा बाबासाहेबांचा संदेश आमच्या विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगविलेला होता. आम्ही शिकत होतो. संघटित आहोत असे समजत होतो. परंतु एका ठिकाणी रोज जमणे म्हणजे संघटन नव्हे, हे त्या जुलैने आम्हाला दाखवून दिले. कोणते काम कोणाचे, हे ठरलेले असेल आणि ज्याला अडचण आहे त्याला ती न लाजता सांगता येत असेल, तर ते संघटन.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, वार लावून घेतले. फोन बंद असेल तर ज्याचा वार त्याने पालघरला जायचे, सर्वांचे निरोप घेऊन यायचे, आणि भाडे सामाईक पैशांतून द्यायचे. दुसरी गोष्ट, ती वही घेऊन आम्ही दूरध्वनी कार्यालयाकडे गेलो. याआधी आम्ही तोंडी तक्रारी कितीतरी केल्या होत्या आणि "होईल, होईल" हे उत्तर ऐकून परत आलो होतो. या वेळी आम्ही अर्ज लिहिला. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फोन बंद, अमुक महिन्यात लाईन इतक्या वेळा तुटली, असा तारीखवार तक्ता त्याला जोडला. त्याच केबलवर ज्यांचे फोन होते त्या घरोघरी गेलो. त्यांत आपले लोक थोडेच होते. बाकीचे बागायतदार होते, एक दुकानदार होते, मासळीचा व्यवहार करणारे एक कुटुंब होते. सगळ्यांचीच तक्रार तीच होती, आणि आजवर प्रत्येक जण एकेकटा कुरकुरत होता. अकरा सह्या झाल्या. अर्ज आवक करून घेतला आणि पोच मागून घेतली.

तीन आठवड्यांनी लाईनमन आले, त्यांनी जोड उघडले, गंजलेला तुकडा काढून नवा टाकला. फार मोठा चमत्कार झाला नाही, खरखर राहिलीच. पण पुढच्या पावसाळ्यात फोन सलग नऊ दिवस बंद राहिला नाही. ज्यांच्याशी आमची केवळ तोंडओळख होती, ते बागायतदार काका त्यानंतर रस्त्यात थांबवून विचारू लागले, "काय रे, लाईन कशी आहे?"

एक चांगली आठवणही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ, जेथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर २००४ साली त्यांचा 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा १९३६ चा ग्रंथ वाचनासाठी ठेवण्यात आला. तो कळल्यावर आम्ही गुरुजींच्या पडवीत तो उघडला. एकेक भाग उघडायचा, वाचण्यासाठी साठवून ठेवायचा, लाईन बंद करायची, म्हणजे बिल वाढणार नाही. कधी अर्ध्या पानावर जोडणी तुटायची. मग पुन्हा ती शिट्टी, पुन्हा ती किरकिर. चार रात्री लागल्या. ज्या बाबासाहेबांना शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांचे शब्द न्यूयॉर्कहून समुद्राखालच्या तारेने माहीमच्या पडवीत येत होते. काकू दारात उभ्या राहून विचारीत होत्या, "आलं का सगळं?" त्या चार रात्रींचे बिल गुरुजींनी आमच्याकडून घेतले नाही.

आता काळ बदलला आहे. जानेवारी २००५ पासून देशात सरकारी ब्रॉडबँड सुरू झाले, २०१६ नंतर मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि मॉडेमची ती शिट्टी कोणाला आठवेनाशी झाली. मग आज हे जुने दळण आम्ही का दळीत आहोत?

कारण लाईन लागण्याची वाट पाहणे संपलेले नाही. फक्त वाट पाहणारा बदलला आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आल्या, तेव्हा रेंजसाठी टेकडीवर आणि झाडाखाली जाऊन बसलेली मुले आपल्याच जिल्ह्यातल्या पाड्यांवर होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी 'सर्व्हर डाऊन' हे शब्द तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असतील.

आणि आमच्याबद्दल म्हणाल, तर आम्ही आज काउंटरच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहोत. बँकेच्या शाखेत लिंक जाते. लिंक गेली की पैसे भरता येत नाहीत, काढता येत नाहीत. काही वर्षांपूर्वी पाड्यावरून एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला आल्या होत्या. दोन तास बाकावर बसल्या. शेवटी आम्ही सांगितले, "आजी, आज लिंक नाही, उद्या या." त्यांनी विचारले की, उद्या नक्की असेल का? आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांना यायला-जायला रिक्षाचे भाडे पडले होते आणि एका दिवसाची मजुरी बुडाली होती. आमचा पगार मात्र त्या दिवशीही चालूच होता. घरी जाताना आम्हाला ती दोनशे पानी वही आठवली. बिघाड तारेचा आणि भुर्दंड ग्राहकाचा! फरक इतकाच होता की या वेळी "होईल, होईल" म्हणणारे आम्ही होतो.

त्यानंतर आम्ही शाखेत एक साधी गोष्ट सुरू केली. लिंक गेली की दारावरच पाटी लावायची, म्हणजे कोणी आत येऊन तासभर बसणार नाही. आणि लांबून आलेल्यांसाठी त्यांच्या पाड्यावरच्या एखाद्या फोनवाल्याचा नंबर लिहून घ्यायचा व लिंक आली की एक फोन करायचा. यात कोणाचीही परवानगी लागली नाही, खर्चही आला नाही. तुमच्यापैकी जे उद्या कार्यालयात, बँकेत, तहसिलात बसतील त्यांना आमचे हेच सांगणे आहे. यंत्र बंद पडणे आपल्या हातात नसते. समोरच्या माणसाचा दिवस वाचविणे पुष्कळदा असते.

मित्रहो, १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारोंसह चवदार तळ्यावर चालत गेले तेव्हा. आणि न्यायालयातील वाद संपायला १९३७ साल उजाडले. फोनची तार तुटणे आणि अस्पृश्यतेचा अन्याय यांची बरोबरी आम्ही करीत नाही. तसे करणे महाडच्या सत्याग्रहींचा अवमान होईल. परंतु ठराव झाला म्हणून पाणी मिळत नाही, ही महाडची शिकवण प्रत्येक सार्वजनिक सोयीला लागू आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या केवायसीसंबंधीच्या एका निकालात सांगितले की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दृष्टिहीन आणि अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित व्यक्तींनी लढून तो मिळविला. हक्क कागदावर आला आहे. तो पाड्यावरच्या मोबाईलपर्यंत आणण्याचे काम शिल्लक आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना आमच्या चार विनंत्या आहेत. कोणताही ऑनलाइन अर्ज शेवटच्या तारखेच्या निदान आठ दिवस आधी भरा. अर्ज अडला तर पडद्याचा फोटो काढून तारीख-वेळ लिहून ठेवा. तारीख असेल तर ती तक्रार, नसेल तर ती कुरकुर. तक्रार एकट्याने करू नका, ज्यांची अडचण तीच आहे त्या सर्वांना, ते कोणत्याही समाजाचे असोत, बरोबर घ्या. आणि भाड्याला पैसे नसतील तर सांगा. त्यात लाज नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एकच नम्र सूचना आहे. आपल्या वाचनालयात एक चांगली जोडणी आणि एक वही ठेवावी. परीक्षा, शिष्यवृत्ती व नोकरीच्या अर्जांच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात आणि वारानुसार दोघा-दोघांना जबाबदारी द्यावी. पहिला वार आम्ही घेतो. दुसरा वार आमच्या त्या मित्राने कालच मागून घेतला आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!